एंडोथेलिन आणि मधुमेहातला डोळा: ‘हातभार लावतं’ हे सिद्ध कसं करायचं?



शोधनिबंध वाचायला सुरुवात केली की एक वाक्य वारंवार भेटतं: ‘अमुक रेणू तमुक आजाराला हातभार लावत असावा.’ वाचताना आपण ते पटकन मान्य करतो आणि पुढे जातो. पण पीएच.डी.च्या मुलाखतीत एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी विचारलं, “हातभार लावतो हे तुम्ही कशावरून म्हणता?” की आपली गाडी अडते. ‘आजारात त्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं’ एवढंच उत्तर आपल्याकडे असतं, आणि ते पुरेसं नाही.

आज एक खरं उदाहरण घेऊन हा प्रश्न सोडवू. रेणू आहे एंडोथेलिन-१, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात असं एक छोटं पेप्टाइड. आजार आहे मधुमेही रेटिनोपथी, म्हणजे मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याचं होणारं नुकसान. विषय थोडा लांब आहे, पण जीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र यांपैकी कुठूनही आला असाल तरी समजेल असा प्रयत्न करतो.

आधी आजार समजून घेऊ

आयसीएमआर-इंडियाब हा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता. २०२२ मध्ये आलेल्या स्मार्ट इंडिया या दुसऱ्या अभ्यासात चाळिशी आणि त्यापुढच्या मधुमेही व्यक्तींपैकी सुमारे १२.५ टक्के लोकांना रेटिनोपथी आढळली, आणि सुमारे ४ टक्के लोकांची तर दृष्टी जाण्याचा धोका असलेली अवस्था होती. टक्के लहान वाटतात, पण १० कोटींच्या हिशेबात ते बसवून बघा.

या आजाराची वाईट गोष्ट म्हणजे तो सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही आणि नजरेतही फरक पडत नाही. माणूस बऱ्याचदा डॉक्टरांकडे जातो ते धूसर दिसायला लागल्यावर. पण पडद्यातल्या केशवाहिन्यांमध्ये तोपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं:

१. केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी मरू लागतात.
२. केशवाहिनीभोवतीचं आधारपटल, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन, जाड होतं.
३. भिंत कमकुवत झालेल्या जागी छोटे फुगे येतात. त्यांना मायक्रोअॅन्युरिझम म्हणतात.
४. वाहिन्या गळू लागतात. हे पाणी मॅक्युलाच्या भागात, म्हणजे बारीक अक्षर वाचताना आपण जो भाग वापरतो तिथे साठलं की नजर कमी होते.
५. काही केशवाहिन्या बंद पडतात, तिथल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. मग व्हीईजीएफ नावाचं वाढकारक प्रथिन स्रवतं आणि नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या फाटून डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो.

आज जे प्रभावी उपचार आहेत, म्हणजे लेझर आणि व्हीईजीएफला अडवणारी डोळ्यातली इंजेक्शनं, ते प्रामुख्याने ४ आणि ५ या पायऱ्यांवर काम करतात. म्हणजे घर पेटल्यावरचे बंब. १, २, ३ या पायऱ्यांवर थेट डोळ्यात काम करणारं औषध आपल्याकडे नाही. तिथे आपण रक्तातली साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवायला सांगतो. तो सल्ला अगदी योग्यच आहे. १९९३ च्या डीसीसीटी या चाचणीत टाइप-१ मधुमेहाच्या ज्या रुग्णांना रेटिनोपथी नव्हती, त्यांच्यात साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवल्यामुळे ती सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता. पण असं नियंत्रण वर्षानुवर्षं टिकवणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून प्रश्न असा: जास्त साखर आणि बिघडलेली केशवाहिनी यांच्या मधला दुवा कोणता? तो सापडला तर लवकर हस्तक्षेप करता येईल. एंडोथेलिनमध्ये लोकांना रस आहे तो यासाठी.

हे पेप्टाइड आहे तरी काय?

१९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, नुसतं अस्तर नाही. ते वाहिनी सैल करणारा पदार्थ सोडतं. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे कळलं आणि १९९८ चं नोबेल या कामाला मिळालं. मग साहजिक प्रश्न आला की सैल करणारा पदार्थ आहे, तर आवळणाराही असेल का? १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने सांगितलं की एंडोथेलियल पेशी वाढवलेल्या द्रवात रक्तवाहिनी आवळणारं काहीतरी आहे आणि ते पेप्टाइडसारखं वागतं.

ते ‘काहीतरी’ शोधून काढलं जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात. मासाशी यानागिसावा तेव्हा तिथे संशोधक विद्यार्थी होते आणि टोमोह मासाकी यांच्याकडे काम करत होते. त्यांच्या गटाने डुकराच्या महाधमनीच्या पेशींवरचा द्रव गोळा केला, त्यातून पेप्टाइड शुद्ध केलं, त्याचा अमिनो आम्लांचा क्रम काढला, जनुकाचा शोध लावला आणि १९८८ मध्ये सगळं एकाच निबंधात ‘नेचर’मध्ये छापलं. (संशोधक विद्यार्थ्यांनी ही गोष्ट मनात ठेवायला हरकत नाही!)

एंडोथेलिन-१ मध्ये फक्त २१ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या चार सिस्टीनमध्ये दोन डायसल्फाइड बंध असतात, त्यामुळे रेणूला घट्ट वळण मिळतं. गंमत म्हणजे इस्राएलमध्ये आढळणाऱ्या एका बिळात राहणाऱ्या सापाच्या विषात साराफोटॉक्सिन नावाची पेप्टाइडं असतात, तीही २१ अमिनो आम्लांची आणि एंडोथेलिनशी फार मिळतीजुळती. जो रेणू सापाने शिकार मारायला वापरला, तसाच रेणू आपल्या शरीरात रोज तयार होतो. प्रश्न फक्त प्रमाणाचा आणि जागेचा आहे.

पेशीत ते थेट तयार होत नाही. माणसात आधी २१२ अमिनो आम्लांचं पूर्वप्रथिन बनतं, ते कापून ३८ अमिनो आम्लांचं ‘बिग एंडोथेलिन’ होतं आणि मग एंडोथेलिन कन्व्हर्टिंग एन्झाइम त्याचे पुन्हा तुकडे करून २१ चं कार्यक्षम पेप्टाइड बनवतं. या पायऱ्या लक्षात ठेवा, मोजमापाच्या भागात त्या पुन्हा लागणार आहेत.

निरोप पोचतो दोन रिसेप्टरवर:

• ईटीए रिसेप्टर: हा स्नायूपेशी आणि पेरिसाइटवर असतो. एंडोथेलिन त्याला चिकटलं की पेशीतलं कॅल्शियम वाढतं आणि पेशी आकुंचन पावते. वाहिनी आवळते.

• ईटीबी रिसेप्टर: एंडोथेलियल पेशींवरचा ईटीबी नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतो, म्हणजे उलट वाहिनी सैल करतो. शिवाय रक्तातलं एंडोथेलिन उचलून बाजूला करण्याचं कामही हाच करतो. मात्र स्नायूपेशींवरही थोडे ईटीबी असतात आणि ते आवळण्याचंच काम करतात.

म्हणजे तोच निरोप, पण ज्याच्या हातात पडेल त्यानुसार अर्थ वेगळा. म्हणून ‘एंडोथेलिन रक्तवाहिनी आवळतं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे.

रेटिनातच याला एवढं महत्त्व का?

दोन कारणं आहेत.

पहिलं, रेटिनातल्या रक्तवाहिन्यांना स्वायत्त मज्जातंतूंचा पुरवठा नाही. शरीरात इतर बऱ्याच ठिकाणी मज्जासंस्था सांगते की आता वाहिनी आवळ, आता सैल कर. रेटिनात हा वरून येणारा हुकूम नाही. तिथला रक्तप्रवाह जागेवरच तयार होणाऱ्या पदार्थांवर ठरतो. एका बाजूला नायट्रिक ऑक्साइड, दुसऱ्या बाजूला एंडोथेलिन. तराजूचं एक पारडं जड झालं तर ते सावरायला वरून कोणी येत नाही.

दुसरं, रेटिनातल्या केशवाहिन्यांवर पेरिसाइटची दाटी फार आहे, साधारण प्रत्येक एंडोथेलियल पेशीमागे एक पेरिसाइट. शरीरात इतकी दाटी क्वचितच कुठे असेल. आणि या पेरिसाइटवर एंडोथेलिनचे रिसेप्टर आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेरिसाइटवर एंडोथेलिन टाकलं की त्या आकुंचन पावतात.

थोडं आवळल्याने काय मोठा फरक पडतो, असं वाटेल. इथे अकरावीचं भौतिकशास्त्र आठवा. दाब आणि लांबी तीच राहिली, तर नळीतून जाणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या १० टक्क्यांनी कमी झाली तर प्रवाह ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ०.६६ पट होतो. डोळ्याला दिसणारही नाही एवढा फरक, आणि प्रवाह एक तृतीयांशाने घटला! खऱ्या केशवाहिनीत रक्तपेशी ढकलत ढकलत जातात, त्यामुळे हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. पण लहान बदलाचा मोठा परिणाम का होतो, हे त्यातून कळतं. आणि रेटिना हा शरीरातल्या सर्वाधिक ऑक्सिजन खाणाऱ्या ऊतींपैकी एक आहे.

साखरेपासून पेप्टाइडपर्यंतची साखळी

आता गृहीतक मांडू. प्रत्येक पायरी वेगळी लिहितो, कारण प्रत्येक पायरीला वेगळा पुरावा लागतो.

रक्तातली साखर वाढते → पेशीत डायअॅसिलग्लिसरॉल जास्त तयार होतं → प्रोटीन कायनेज सी, त्यातही त्याचा बीटा प्रकार, सक्रिय होतो → एंडोथेलिनच्या जनुकाचं काम वाढतं → जास्त एंडोथेलिन ईटीए रिसेप्टरवर जातं → वाहिनी आवळते, प्रवाह घटतो.

याला समांतर दुसरी शाखा आहे. एंडोथेलिन फक्त आकुंचन घडवत नाही, ते पेशींना फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजेन जास्त बनवायलाही लावतं. म्हणजे वरच्या यादीतली दुसरी पायरी, आधारपटल जाड होणं, इथे जोडता येते.

आणि एक चक्रही आहे. प्रवाह घटला की ऑक्सिजन कमी पडतो. ऑक्सिजन कमी पडला की व्हीईजीएफ वाढतं, पण एंडोथेलिनचं जनुकही ऑक्सिजनच्या कमतरतेला प्रतिसाद देतं. शिवाय एंडोथेलिनमुळेही प्रोटीन कायनेज सी सक्रिय होतो. म्हणजे एकदा चाक फिरायला लागलं की ते स्वतःलाच ढकलत राहू शकतं.

साखळी सुबक आहे. पण सुबक साखळी म्हणजे पुरावा नव्हे. नव्या संशोधकाची फसगत इथेच होते, कारण बाण काढलेली आकृती बघितली की सगळं सिद्ध झाल्यासारखं वाटतं.

पुरावा चार पायऱ्यांत तपासू

*पायरी १: आजारात तो रेणू वाढतो का?*

गायीच्या रेटिनातून काढलेल्या एंडोथेलियल पेशी आणि पेरिसाइट जास्त ग्लुकोजमध्ये वाढवल्या, तर एंडोथेलिनच्या जनुकाचं काम वाढतं आणि प्रोटीन कायनेज सी अडवला तर ही वाढ रोखली जाते, असं दाखवलं गेलं आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या रॅटच्या रेटिनातही एंडोथेलिनचा एमआरएनए वाढलेला आढळतो. पहिली पायरी बऱ्यापैकी भक्कम.

पण लक्षात घ्या, यातून फक्त सहवास कळतो. आग लागली तिथे बंब दिसतो, म्हणून बंबाने आग लावली असं होत नाही.

*पायरी २: फक्त तो रेणू दिला तर आजारासारखं काही घडतं का?*

निरोगी प्राण्याच्या डोळ्यात एंडोथेलिन टोचलं तर रेटिनाच्या वाहिन्या आवळतात आणि प्रवाह घटतो. म्हणजे प्रवाह कमी करायला हा रेणू एकटा पुरेसा आहे. पण संपूर्ण रेटिनोपथी घडवायला तो एकटा पुरेसा आहे, असं यातून सिद्ध होत नाही. शिवाय सुईने एकदम दिलेला डोस आणि वर्षानुवर्षं हळूहळू झिरपणारं पेप्टाइड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

*पायरी ३: तो रेणू अडवला तर बिघाड कमी होतो का?*

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. बॉस्टनच्या जॉसलिन डायबेटिस सेंटरमधल्या गटाने १९९० च्या दशकात मधुमेही रॅटवर काम केलं. या रॅटच्या रेटिनातला रक्तप्रवाह सुरुवातीच्या आठवड्यांतच घटलेला होता. डोळ्यात बीक्यू-१२३ हे फक्त ईटीए अडवणारं चक्राकार पेप्टाइड दिल्यावर तो प्रवाह सुधारला. त्याच गटाने पुढे प्रोटीन कायनेज सी-बीटा अडवणारं औषध तोंडावाटे दिलं, तेव्हाही प्रवाह सुधारला. साखळीतल्या दोन वेगवेगळ्या कड्यांवर घाव घातला आणि परिणाम एकाच दिशेने आला. अशा पुराव्याचं वजन जास्त असतं.

कॅनडातल्या संशोधकांनी बोसेन्टन हे ईटीए आणि ईटीबी दोन्ही अडवणारं औषध प्राण्यांना दिलं, तेव्हा रेटिनातल्या केशवाहिन्यांच्या आधारपटलाचं जाड होणं कमी झालं. म्हणजे दुसऱ्या शाखेलाही आधार मिळाला.

२०१८ मध्ये बार्सिलोनातल्या गटाने बोसेन्टनचे डोळ्यात टाकायचे थेंब डीबी/डीबी माऊसवर वापरले. हे माऊस लेप्टिनच्या रिसेप्टरमधल्या दोषामुळे लठ्ठ आणि मधुमेही होतात. थेंबांमुळे रेटिनातल्या मज्जापेशींचा मृत्यू आणि ग्लिअल पेशींची अस्वस्थता कमी झाली. यातून एक नवा मुद्दा पुढे आला: एंडोथेलिनचं नुकसान फक्त वाहिन्यांपुरतं नसेल, ते मज्जापेशींपर्यंतही जात असेल.

*पायरी ४: हे माणसात खरं आहे का?*

इथे आपला वेग कमी होतो. मधुमेही रॅटमध्ये माणसासारख्या नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटण्याची शेवटची अवस्था येतच नाही. म्हणजे रॅटवरून आपण फक्त सुरुवातीच्या बदलांबद्दल बोलू शकतो. माऊसचा डोळा सुमारे ३ मिलिमीटरचा, आपला सुमारे २४ मिलिमीटरचा. माऊसमध्ये थेंब पडद्यापर्यंत पोचला म्हणून माणसात पोचेलच असं नाही. आणि मधुमेहाच्या सुरुवातीला माणसाच्या रेटिनातला रक्तप्रवाह घटतो की वाढतो, यावरही वेगवेगळ्या गटांचे निष्कर्ष जुळत नाहीत. साखर त्या क्षणी किती होती, मधुमेह किती वर्षांचा, मोजण्याची पद्धत कोणती, यावर उत्तर बदलतं.

थोडक्यात, पायऱ्या १ ते ३ प्राण्यांमध्ये आणि पेशींमध्ये चांगल्या भक्कम आहेत, चौथी अर्धवट आहे. निबंधात ‘असावं’ हा शब्द येतो तो या चौथ्या पायरीमुळे. तो नम्रतेचा भाग नाही, तो पुराव्याचा नेमका हिशेब आहे.

मग रुग्णाचं रक्त घेऊन मोजत का नाही?

सगळ्यांच्या डोक्यात येणारा प्रश्न. रुग्णांचं रक्त घ्या, एलायझा करा, रेटिनोपथी असलेल्यांत एंडोथेलिन जास्त आहे का बघा. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हा विषय निवडण्याआधी पुढचे चार मुद्दे वाचा.

एक, एंडोथेलियल पेशी बहुतेक एंडोथेलिन रक्ताच्या बाजूला सोडतच नाहीत. त्याचा मोठा भाग उलट्या दिशेला, म्हणजे भिंतीतल्या स्नायूपेशी आणि पेरिसाइटच्या बाजूला सोडला जातो. हा शेजाऱ्याला खिडकीतून दिलेला निरोप आहे, रस्त्यावर लाउडस्पीकर लावून केलेली घोषणा नाही. रक्तात सापडतं ते सांडलेलं.

दोन, रक्तात आलेलं एंडोथेलिन काही मिनिटांत नाहीसं होतं. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ते उचलतात. त्यामुळे रक्तातला आकडा ‘किती तयार झालं’ याबरोबरच ‘किती उचललं गेलं’ यावरही अवलंबून असतो. मधुमेही रुग्णाची मूत्रपिंडं बिघडलेली असतील तर आकडा डोळ्याशी संबंध नसतानाही बदलू शकतो.

तीन, ईटीबी अडवणारं औषध चालू असेल तर एंडोथेलिन उचललं जात नाही आणि रक्तातला आकडा वाढतो. नुसता आकडा बघणारा म्हणेल, औषधाने आजार वाढवला!

चार, किट नेमकं काय ओळखतं? पूर्वप्रथिन, बिग एंडोथेलिन आणि २१ अमिनो आम्लांचं पेप्टाइड यांचे काही भाग सारखेच आहेत. अँटिबॉडी तिन्हींना चिकटत असेल तर आकड्याचा अर्थ काय लावणार? तीच गोष्ट एमआरएनएची. एमआरएनए वाढला म्हणजे कापून तयार झालेलं पेप्टाइडही तेवढंच वाढलं असं नाही, मध्ये दोनदा कापाकापी आहे.

डोळ्यातलं काचद्रव मोजणं हा जास्त जवळचा पर्याय आहे, पण ते फक्त शस्त्रक्रियेच्या वेळी मिळतं. म्हणजे नमुने येतात ते आजार पुढे गेलेल्या रुग्णांचे, आणि आपला प्रश्न तर सुरुवातीच्या अवस्थेचा आहे. अशा अभ्यासांचे निकालही एकमेकांशी जुळत नाहीत, यात नवल नाही.

औषध आहे, तर देत का नाही?

एंडोथेलिन अडवणारी औषधं बाजारात आहेत. फुप्फुसातल्या धमन्यांच्या उच्च रक्तदाबासाठी बोसेन्टनला अमेरिकेत २००१ मध्येच मंजुरी मिळाली. मग रेटिनोपथीसाठी का नाही?

कारण तोंडावाटे घेतलेलं औषध सगळ्या शरीरात जातं. बोसेन्टनमुळे यकृताला त्रास होऊ शकतो, आणि गर्भाला धोका असल्याने ते गरोदरपणात वर्ज्य आहे. या गटातल्या औषधांमुळे शरीरात पाणीही साठतं. मधुमेही मूत्रपिंडविकारासाठी अॅव्होसेन्टनची मोठी चाचणी झाली होती. ती पाणी साठण्याच्या आणि हृदय निकामी होण्याच्या घटनांमुळे मुदतीआधीच थांबवावी लागली. पुढे सोनार या चाचणीत काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांना अॅट्रासेन्टन कमी डोसमध्ये दिलं. २०१९ मध्ये आलेल्या निकालात मूत्रपिंडाच्या गंभीर घटनांचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसला.

या दोन चाचण्यांतून आपल्यासाठी मोठा धडा आहे. गृहीतक बरोबर असूनही चाचणी फसू शकते, कारण डोस, रुग्णांची निवड आणि औषध पोचवण्याची वाट चुकीची असते. आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत जे चाललं ते डोळ्यातही चालेल अशी आशा वाटते, पण आशेला पुराव्याच्या रकान्यात जागा नाही.

साखळीतल्या वरच्या कडीची गोष्टही ऐका. प्रोटीन कायनेज सी-बीटा अडवणारं रुबोक्सिस्टॉरिन हे औषध रॅटमध्ये छान चाललं. मोठ्या मानवी चाचण्यांमध्ये नजर टिकवण्याबाबत काही फायदा दिसला, पण रेटिनोपथीचं पुढे सरकणं त्याने ठरवल्याप्रमाणे रोखलं नाही, आणि डोळ्याच्या आजारासाठी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली नाही. याचा अर्थ साखळी खोटी असाच होतो असं नाही. जास्त साखर एकाच वाटेने नुकसान करत नाही. ऑक्सिडेटिव्ह ताण, दाह, प्रथिनांना साखर चिकटून तयार होणारी संयुगं अशा अनेक वाटा आहेत. एक वाट बंद केली तर वाहतूक दुसरीकडून वळते. म्हणूनच ‘कारण आहे’ असं न म्हणता ‘हातभार लावतं’ असं म्हटलं जातं.

तुमच्यासाठी खुले असलेले प्रश्न

हा विषय संशोधनासाठी घ्यायचा विचार असेल तर मला पुढचे प्रश्न करण्यासारखे वाटतात:

• ईटीए एकटा अडवावा की दोन्ही? एंडोथेलियमवरचा ईटीबी वाहिनी सैल करतो, म्हणजे तो अडवण्यात तोटा असू शकतो. पण मज्जापेशींच्या नुकसानीत ईटीबीचाही सहभाग असल्याचे संकेत प्राण्यांमधल्या काचबिंदूच्या कामातून मिळतात. मधुमेही रेटिनात कोणत्या पेशीवर कोणता रिसेप्टर किती, आणि तो आजाराच्या कोणत्या टप्प्यावर बदलतो?

• नुकसान आधी कुणाचं होतं, वाहिनीचं की मज्जापेशीचं? एकाच प्राण्यात ठरावीक दिवसांनी दोन्ही मोजल्याशिवाय क्रम कळणार नाही.

• औषध पडद्यापर्यंत पोचवायचं कसं? थेंब, नॅनोकण की हळूहळू विरघळणारी गोळी? औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे भरपूर काम आहे.

• रक्त न घेता परिणाम बघता येईल का? ओसीटी अँजिओग्राफीने आता डाय न टोचता केशवाहिन्या दिसतात. थेट एंडोथेलिन मोजण्याऐवजी ते अडवल्यावर केशवाहिन्यांत काय बदलतं, हे माणसात बघता येईल.

पुढच्या वेळी ‘अमुक रेणू तमुक आजारात महत्त्वाची भूमिका बजावतो’ असं वाक्य दिसलं की वहीत चार रकाने आखा: वाढतो का, दिल्यावर घडतं का, अडवल्यावर थांबतं का, माणसात दिसतं का. प्रत्येक रकान्यात प्रयोग लिहा आणि तो कशात झाला तेही लिहा: पेशीत, रॅटमध्ये की रुग्णात. रिकामा राहिलेला रकाना बघून निराश होऊ नका. तुमच्या संशोधनाच्या प्रस्तावाचं पहिलं वाक्य बहुधा तिथेच सापडेल.

प्रश्न असतील तर खाली नक्की विचारा. पुढच्या लेखात स्ट्रेप्टोझोटोसिन मॉडेल आणि डीबी/डीबी मॉडेल यांपैकी कोणतं कधी निवडायचं, यावर लिहिणार आहे.